आपल्या गावचा रेफरी

आमच्या घरी टीव्हीवर फुटबॉल चालू असला की मी एखादं काम काढून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहते. खेळ कळत नाही म्हणून नव्हे. मराठीची मास्तरीण असूनही ऑफसाइड म्हणजे काय हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन, आणि ते पुण्य मोहोड सरांचं. पण मध्येच तो परदेशी रेफरी कानाशी बोट लावतो, हवेत चौकोन काढतो आणि मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्याकडे पळत जातो. आमचे वकीलसाहेब, म्हणजे माझे यजमान, सोफ्यावरून ओरडतात, "घ्या! आता हा सिनेमा पाहणार!" तेवढा वेळ मला तिकडे बघवत नाही. तो माणूस पडद्यासमोर वाकून उभा असतो, आणि मला आमचे सर आठवतात.

भास्कर मोहोड अमरावतीच्या आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. मूळ गाव अकोटजवळचं, घरी काळी जमीन, भाऊ शेती करायचा. सर अंगानं काटक, बुटके, आणि पाय इतके बारीक की हाफपँटमध्ये ते कुणाचे तरी मागून आणल्यासारखे दिसत. गळ्यात शिट्टी बारा महिने. पण मैदानाबाहेर ती त्यांनी कधी वाजवली नाही. एकदा प्रार्थनेच्या वेळी पोरं आवरेनात, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "मोहोड, वाजवा ना एकदा." सर म्हणाले, "खेळ सुरू नाई ना सर. उगीच कावून वाजवू?" आणि खाली उतरून एकेका पोराला खांद्याला धरून रांगेत उभं केलं.

स्टाफरूममध्ये निंदेच्या कामाला इतका निरुपयोगी माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणाचं कुणाशी वाजलं, कोण कुणाच्या पाठीमागे काय बोललं, यावर आम्ही सगळे डबे उघडून तुटून पडायचो. सरांना मत विचारलं की ते भाकरीचा तुकडा मोडत म्हणायचे, "मी पाह्यलं नाई." मग आम्ही म्हणायचो, अहो, सगळ्या गावानं पाहिलं! "गावानं पाह्यलं असन. मॅडम, आपलं एकच असते. दिसलं ते दिसलं. नाई दिसलं ते झालंच नाई." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. शिट्टी फुंकायची तर असंच असावं लागतं, नाहीतर रात्री झोप येत नाही, असं ते म्हणायचे.

त्यांची दुसरी एक पद्धत साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. सामना संपला की दोन्ही कॅप्टनांना घेऊन सर मैदानाबाहेरच्या टपरीवर जायचे. एक प्लेट, त्यात दोन आलूबोंडे, वर तर्री, आणि दोघांनी खायचं त्याच एका प्लेटीत. नाक फुटलेलं असो, शिव्या दिलेल्या असोत, खाल्ल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. सर स्वतः खात नसत. समोरच्या बाकावर बसून दोघांकडे पाहत असत. पोरं आधी प्लेटीकडेही बघायची नाहीत, मग तर्रीनं नाक वाहायला लागलं की एकमेकांना पाण्याचा ग्लास द्यायची. "झाली मॅच," असं म्हणून सर उठायचे. त्यांच्या लेखी सामना शिट्टीनं संपत नसे, तिथे संपत असे.

आणि तिसरी गोष्ट, जी आम्ही सगळे मोठ्या कौतुकानं सांगत असू. सर आपल्या माणसाला कधी झुकतं माप देत नसत. उलट जरा कमीच देत. त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत आमच्याच शाळेत होता. शाळाशाळांच्या सामन्यात त्यानं समोरच्याचा शर्ट ओढला म्हणून सरांनी त्याला सरळ लाल कार्ड दाखवून बाहेर काढलं. शर्ट तर त्या दिवशी दोन्ही बाजूंची पोरं ओढत होती. घरी वहिनींनी विचारलं, "बाकीचे ओढून राह्यले होते तवा तुमचे डोये कुठी होते?"

"त्यायचं नाई दिसलं. ह्याचं दिसलं."

"ह्याचंच बरं दिसते तुमाले!"

हे वहिनींनीच मला सांगितलं, सरांची नक्कल करत. मी खूप हसले. मग त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "प्रशांतनं तवापासून बॉलले पाय नाई लावला, मॅडम." तो आता पुण्याला कंपनीत आहे. गावाकडे भावाशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद निघाला तेव्हाही सरांनी पंचांसमोर भावाचीच बाजू खरी केली होती. त्यावर वहिनींचं म्हणणं असं, "लोकायचे नवरे बाहेरचं घरात आणतात. आमचं येडं घरचं बाहेर वाटते." पण हेही म्हणताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान असायचाच. आम्हा सगळ्यांनाच होता. असा माणूस आपल्या शाळेत आहे, हे आम्ही पाहुण्यांना दाखवत असू.

रामलाल कास्देकर हे पोर सरांनीच शोधून काढलेलं. धारणीच्याही पलीकडचं गाव, घरी कोरकू बोलणार, बाहेर हिंदी. आमच्याकडे आठवीत आला तेव्हा मराठी त्याची तिसरी भाषा, त्यामुळे माझ्या तासाला तो खिडकीतून बाहेर बघत बसायचा. बाहेर मैदान होतं. सरांनी त्याला तिथे नेलं आणि मग त्याला मराठीही यायला लागली, तीही सरांची. पुढे तो इथल्याच कॉलेजात गेला, शेवटच्या वर्षाला संघाचा कॅप्टन झाला. त्या वर्षी त्यांचा संघ अकोल्याच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत पोचला. जो जिंकेल तो पुढे पुण्याला खेळणार होता, आणि पुण्याला पोलीस, रेल्वे अशी मंडळी खेळाडू पाहायला येतात. पुढच्या वर्षी रामलाल कॉलेजात नसणार होता. नोकरीची त्याची तेवढी एकच वाट होती, आणि हे सरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

अंतिम सामन्याला रेफरी म्हणून बोलावणं आलं ते सरांनाच.

मी म्हटलं, "सर, समोर आपलीच पोरं. तुम्ही कशाला जाता?"

"म्हणूनच तं बोलावलं. अकोल्याच्या संघानं सांगतलं म्हणे, मोहोड असला तं आमाले भेव नाई." हे सांगताना सर इतके खूश होते की मी विषय सोडून दिला.

माझं माहेर अकोल्याचं. सुट्टी होती, भावाकडे गेलेच होते, म्हणून मीही सामन्याला जाऊन बसले. आमच्या शाळेतले दोन-तीन शिक्षक आणि बरीच माजी पोरं बडनेऱ्याहून गाडीनं आली होती. सामना अटीतटीचा. खूप वेळ कुणाचाच गोल होईना. शेवटाकडे रामलालनं लांबून असा काही फटका मारला की चेंडू वरच्या दांडीच्या खालच्या बाजूला लागला, सरळ खाली आपटला आणि बाहेर आला. गोलकीपरनं झडप घालून तो छातीशी धरला. आमची पोरं नाचायला लागली. अकोल्याची पोरं हात हलवून नाही नाही म्हणायला लागली. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, एवढाच प्रश्न. सर धापा टाकत जवळ आले, रेषेकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी खुणावलं. खेळा पुढे.

रामलाल कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सरांकडे एकदा पाहिलं आणि मागे धावत गेला.

वेळ संपली. आता पेनल्टीवर निकाल. त्या मधल्या मोकळ्या वेळात अमरावतीच्या बाजूचा एक माणूस दोरी ओलांडून आत धावत आला. हातात फोन. त्यानं सगळं चित्रण केलं होतं. "सर, पाहा! एकडाव पाहा फक्त! बॉल आत हाये!" त्यानं फोन सरांच्या तोंडासमोर धरला. सरांनी मान दुसरीकडे वळवली. "फोन खिशात ठेव. बाहेर हो."

"सर, पाह्यले काय जाते तुमचं?"

"माह्ये डोये हायेत. दिसलं ते दिसलं."

नियमानं त्यांचं बरोबरच होतं. मोठ्या स्पर्धांमध्ये त्यासाठी वेगळी माणसं, वेगळे पडदे असतात. आमच्याकडच्या मैदानावर कुणाच्या तरी फोनवर बघून निर्णय फिरवायचा नसतो, आणि खेळ पुढे गेल्यावर तर नाहीच. त्या माणसाला लोकांनी बाहेर काढलं. अकोल्याच्या बाजूनं टाळ्या पडल्या, सरांसाठी. पेनल्टीवर आमची पोरं हरली.

मग सर नेहमीप्रमाणे दोन्ही कॅप्टनांना घेऊन टपरीवर गेले. मी रस्त्याच्या पलीकडे रिक्षा बघत होते, मला सगळं दिसत होतं. जिंकलेला कॅप्टन बोलत होता, हातवारे करत होता. रामलाल मान खाली घालून त्याच प्लेटीतला आपला आलूबोंडा खात होता. पूर्ण खाल्ला. पाणी प्यायला. सरांच्या पाया पडला आणि गेला.

परतीच्या गाडीत सर माझ्या समोर बसले होते. पलीकडच्या बाकांवर आमचीच माजी पोरं. सगळ्यांच्या फोनवर तोवर ते चित्रण येऊन पोचलं होतं. पोरं हळू आवाजात बोलायची, सरांनी तिकडे पाहिलं की गप्प व्हायची. सर म्हणाले, "दाखव." कुणी दाखवेना. "अबे दाखव ना. आता मॅच संपली."

एकानं फोन दिला. सरांनी चष्मा लावला. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. चित्रण हललेलं होतं, पण चेंडू पडला ती जागा स्पष्ट दिसत होती. रेषेच्या आत. चांगला आत. चुना न लागलेली माती चेंडू आणि रेषा यांच्यामध्ये दिसत होती. सरांनी ते पुन्हा पाहिलं. मग पुन्हा. पोरानं शेवटी फोन हळूच काढून घेतला, तरी सर हाताकडे बघत राहिले.

"आत हाये," एवढंच म्हणाले.

मूर्तिजापूर गेल्यावर खिडकीकडे तोंड करून बोलले, "त्याले मालूम होतं, मॅडम. त्यानं मारला, त्याले नाई दिसन काय? अन् माह्यासमोर बसून आलूबोंडा खाल्ला त्यानं. मी म्हणलं, झाली मॅच."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्यापुढे धरली.

पुढच्या आठवड्यात फोनाफोनांवर लोकांनी सरांना काय काय म्हटलं ते मी लिहीत नाही. विकला गेला, आंधळा आहे, हे त्यातल्या त्यात सभ्य. सरांना त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. त्यांच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. पुढच्याच रविवारी ते अकोल्याला गेले. आयोजकांना म्हणाले, मी चुकलो, चार लोकांसमोर सांगतो, माईक द्या, पुण्याला अमरावतीच्या पोरांना पाठवा. आयोजकांनी चहा मागवला. फार आदरानं वागले म्हणे. म्हणाले, "सर, असं कसं जमन? पंचाचा निर्णय अंतिम, हे तं आमाले तुमीच शिकवलं. आज हे फिरवलं तं उद्या दर मॅचले पाच फोन घेऊन लोकं येतीन." आयुष्यभर दुसऱ्यांना दिलेलं उत्तरच त्यांना परत मिळालं होतं. अकोल्याचा संघ पुण्याला गेला.

त्यानंतर सरांनी शिट्टी काढून ठेवली. शाळेचे सामने दुसऱ्यावर सोपवले. डोळे तपासून आले. "डोये चांगले हायेत म्हणे," असं मला म्हणाले, पण तोंडावर आनंद नव्हता. डोळे खराब निघाले असते तर बरं, असंच त्यांना वाटत असावं. मग एक दिवस स्टाफरूममध्ये कुणी नाही असं पाहून विचारलं, "मॅडम, मले नाई दिसलं, का मले पाह्यचंच नव्हतं?"

"म्हणजे?"

"समोरून अकोल्याचा पोट्टा मारता, तं मी देल्ला असता काय गोल?"

मी म्हटलं, सर, असा विचार करू नका, माणसाच्या हातून चूक होते. ते म्हणाले, "चूक होते ते ठीक हाये. पण माह्या चुका नेहमी घरच्यायवरच कावून होतात?"

उन्हाळ्यात ते एकटेच एसटीनं धारणीला गेले, रामलालला भेटायला. घाटाचा रस्ता, वाटेत बस बदलायची, आणि गाडी लागण्याची सरांना जन्मजात खोड. परत आल्यावर दोन दिवस शाळेत आले नाहीत. मग मला सगळं सांगितलं. रामलाल मामाची जीप चालवत होता, धारणी ते परतवाडा. सर दिसल्याबरोबर त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला उठवलं, सीट फडक्यानं पुसली आणि सरांना बसवलं. सरांनी गाडीतच हात जोडले. "रामलाल, चुकलं माह्यं. गोल होता तो."

रामलाल ओशाळला. सरांचे जोडलेले हात त्यानं खाली केले.

"सर, असं नका करू ना. मॅचच्या आंधीच मी पोरायले सांगतलं होतं. आज दोन मारा लागतीन. एक तं सर देनार नाईत, आपले हायेत ते." आणि तो हसला म्हणे, अगदी मोकळं. "मले दुसरा मारता नाई आला, सर. माह्यीच चूक."

सर मला हे सांगत होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलंही नाही. "त्याच्या मनात राग असता तं मी सहन केला असता. त्यानं मले हिशेबात धरूनच ठेवलं होतं, मॅडम. ऊन धरते, वारा धरते, तसा मी. एक गोल मोहोड सर खातीन, चला. अन् मी समजून राह्यलो होतो का मी इमानदार हाओ."

मला त्या पोराचा राग आला, सरांचा आला, आणि सर्वात जास्त राग आला तो आमचा सगळ्यांचा. सर आपल्या माणसाला कमी देतात म्हणून आम्ही टाळ्या वाजवत होतो. ज्याला कमी मिळालं त्याला कुणी विचारलं नव्हतं. प्रशांतलाही नाही.

पुढे कधीतरी विश्वचषकाचा सामना बघायला सर आमच्याकडे आले होते. निवृत्त झाले होते, थोडे थकले होते. टीव्हीवर रेफरी पडद्याकडे पळाला आणि आमच्या वकीलसाहेबांनी नेहमीचं सुरू केलं. यंत्रानं माणसाची किंमत घालवली, खेळाचा विचका केला, रेफरीचा हा चारचौघांत अपमान आहे वगैरे.

सर म्हणाले, "पाहू द्या हो त्याले, वकीलसाहेब."

त्या रेफरीनं पाहिलं, परत आला आणि आपलाच निर्णय फिरवला. स्टेडियममध्ये निम्मी माणसं ओरडली. सर पुढे सरकून बसले होते. "अपमान कायचा? चुकला, समजलं, तिथंच दुरुस्त केलं. ज्याचं होतं त्याले देल्लं. आता हा घरी जाऊन जेवन, झोपन. एवढं कोणाच्या नशिबात असते?" मग थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मॅडम, पडदा बॉल दाखवते. आपला हाये म्हणून डोया कसा मिटते, ते कोण्या पडद्यावर दिसन?"

वकीलसाहेबांना ते नीट कळलं नाही. त्यांनी आवाज वाढवला.

सरांना त्यानंतर अर्धांगाचा झटका येऊन गेला. काठी आली, बोलणं जरा जड झालं. वहिनी त्यांना संध्याकाळी शाळेच्या मैदानाशी आणून सोडायच्या, कारण घरात ते खिडकीपासून हलत नसत. हिवाळ्यात ते गेले. त्याच्या थोडं आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच.

शाळांचे सामने चालू होते. रेफरी होता संदीप, सरांच्याच हाताखाली तयार झालेला, आता दुसऱ्या एका शाळेत खेळाचा शिक्षक. आमच्या मुलांविरुद्ध एक गोल दिला गेला आणि गलका झाला. चेंडू समोरच्या पोराच्या हाताला लागून आत गेला असं आमची पोरं म्हणत होती. कडेला उभ्या असलेल्या एका पालकानं फोनवर घेतलं होतं, तो फोन नाचवत होता. मी वळून पाहते तो सर काठी टेकत रेषा ओलांडून मैदानात निघाले होते. चालू सामन्यात, आत. जन्मात कुणाला त्यांनी असं येऊ दिलं नसतं.

"संदीप, पाह्यून घे बेटा. त्याच्यापाशी हाये. पाह्य."

"सर, नियमात नाई ना ते."

"मले मालूम हाये. तरी पाह्य. एक मिनिट लागते. मंग जनमभर... पाह्य लेका, पाह्य."

पोरं हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, आजोबा गोल मारायला आले. संदीपच्या डोळ्यांत पाणी आलं असावं, त्यानं बाहीनं तोंड पुसलं. मग त्यानं सरांच्या कोपराला धरलं, हळूहळू चालवत त्यांना रेषेबाहेर आणलं, आणि म्हणाला, "सर, तुमी इथंच थांबा. मॅच नाई रोखता येत."

सर थांबले. संदीपनं शिट्टी फुंकली. तो पालक फोन खिशात ठेवत होता. सरांनी त्याच्यापुढे हात केला, तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका, झालं आता ते," आणि पुढे सरकला.

मी त्यांच्याकडे जायला निघाले. खेळ दुसऱ्या टोकाला गेला होता, सगळ्यांच्या माना तिकडे होत्या. सर एकटेच अलीकडच्या गोलकडे तोंड करून उभे होते, आणि बाजूला जो कोणी असेल त्याच्या बाहीला धरून त्या जड जिभेनं विचारत होते, "तुमाले काय दिसलं? सांगा ना, तुमाले काय दिसलं?"